उलटा मुळा आणि हुमकलाचं खातं

ज्या माणसाने जन्मात कोथिंबिरीची काडी पेरली नाही, त्याने भाजीच्या दुकानात स्वतःचा फोटो लावून घ्यावा, याला काय म्हणावं? हुमकलाकडे यासाठी बरेच शब्द होते. दुकानाच्या दारापासून घरापर्यंतच्या वाटेवर तिने ते सगळे एकामागून एक वापरून पाहिले. एकही पुरा पडेना.

दुकान हमरस्त्याच्या कडेला होतं. गावातले शेतकरी सकाळी आपापला माल तिथे आणून मांडतात, दिवसभर शहरातली मंडळी गाड्या थांबवून घेऊन जातात, आणि मागच्या भिंतीवर पिकवणाऱ्यांचे फोटो ओळीने टांगलेले असतात. कुणी कोबी नातवासारखा छातीशी धरलेला, कुणी कांद्याच्या पातीची जुडी खांद्यावर टाकलेली, आणि प्रत्येकाच्या खाली ठळक अक्षरांत 'हे मी पिकवलं'. त्या ओळीत तिचा नवरा खड्गबहादुर घर्ती उभा होता. डोक्यावर त्याच्या स्वतःच्या रेस्टॉरंटमधली स्वयंपाक्याची पांढरी टोपी, ओठांवर नवरदेवाचं हसू आणि हातात हुमकलाचा मुळा. तोही उलटा. पाला मुठीत आवळलेला आणि शेपूट आकाशाकडे, जसा काही राखणदार बॅटरी धरून उभा आहे. हा माणूस शेतात कधी वाकलेला नाही हे भिंतीपुढे उभ्या राहिलेल्या कुठल्याही म्हातारीला कळलं असतं, आणि जपानातल्या या गावात दुसऱ्या कशाचा तुटवडा असेल, म्हाताऱ्यांचा नाही.

मुळा हुमकलाचाच होता, याबद्दल कुणाच्या मनात शंका नको. शेजारच्या ओकाबे-सान कमरेत वाकल्यापासून त्यांचा एक तुकडा पडीक होता. हुमकलाने तो खणला, त्यातले दगड वेचले आणि नेपाळातल्या बागलुङच्या डोंगरातलं, माहेरचं बी पेरलं. (ते बी विमानतळावरच्या कुत्र्याला कसं कळलं नाही, हा वेगळा विषय आहे आणि तो इथे काढायचा नाही.) इथला मुळा दिसायला गोरापान, चवीला पाणी. हुमकलाचा मुळा बुटका, वेडावाकडा, पण चावला की माणसाला आपले सगळे पूर्वज आठवतात. आधी गावातल्या नेपाळी बिऱ्हाडांनी नेला, मग ओकाबे-सानच्या मैत्रिणींनी, आणि शेवटी दुकानाचे साकुमा-सान स्वतः येऊन म्हणाले की आमच्याकडे ठेवा.

अडचण एवढीच होती की दुकान विक्रीचे पैसे बँकेत भरतं, आणि फोटोखाली ज्याचं नाव त्याच्याच खात्यात भरतं. हुमकलाला खातं नव्हतं. खड्गबहादुरला होतं. त्याने बायकोला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून गुपचूप सगळं उरकून टाकलं. धक्का बसला हे खरं.

त्याचं म्हणणं साधं होतं. पैसे शेवटी घरातच येणार. नवरा-बायकोत तुझं-माझं असं काही असतं का? हुमकलाने त्याला आठवण करून दिली की भांड्यांचा ढीग पडला की तो तुझा असतो, आणि भिंतीवर फोटो लागला की मात्र आपल्यात तुझं-माझं नसतं. खड्गबहादुरने यावर नानचं पीठ बघून येतो असं सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस उत्तर सुचलं नाही की पीठच बघायला जातो.

दुसऱ्या दिवशी ती साकुमा-सानकडे गेली. ते मान खाली घालून म्हणाले की फोटो बदलता येईल, का नाही येणार, पण गार्ती-सानच्या नावाचं खातं आणा. (घर्ती हे आडनाव इथल्या कुणाच्याही तोंडात बसत नाही. नवराही गार्ती-सान, बायकोही गार्ती-सान.) आणि महिनाअखेरीच्या आत आणा, कारण त्या दिवशी हिवाळ्याची यादी बंद होते. मग जो फोटो भिंतीवर असेल तोच वसंतापर्यंत राहील.

वसंतापर्यंत. म्हणजे मुळ्याचा सगळा हंगाम. थंडीत मुळा गोड होणार, गावोगावच्या बायका येणार, चव घेणार, भिंतीकडे बघणार आणि खड्गबहादुरला नमस्कार करणार. हुमकलाने घरी येऊन जाहीर केलं की आपण बँकेत खातं उघडणार, स्वतःच्या नावाचं. सून रोजिना म्हणाली, "आमा, त्यात काय, मोबाइलवर होतं."

मोबाइलने आधी तिला सरळ बघायला सांगितलं. मग मान डावीकडे वळवा, मग उजवीकडे, मग डोळे मिटा, मग हसा. सासूनेही आपल्याला इतकं नाचवलं नव्हतं, असं हुमकला म्हणाली. तिने हसायला साफ नकार दिला, आणि ओळख पटली नाही म्हणून मोबाइलने तिला नकार दिला. फिटंफाट झाली.

मग सल्ल्यांना सुरुवात झाली. नेपाळी किराणावाला टीकाराम हा आमच्या माणसांत बँकेतला जाणकार समजला जातो, कारण त्याला तीन बँकांनी परत पाठवलं आहे. त्याने सांगितलं की एकटीने जाऊ नका दिदी, नवऱ्याला न्या. रेस्टॉरंटवाला माणूस बघितला की बँकेला धीर येतो. आणि अंगावर कोट पाहिजे. कोट नसलेल्याला ते बसासुद्धा म्हणत नाहीत.

ओकाबे-सानचा सल्ला वेगळा होता. त्या बांधावर बसून मुळ्याची शेपटं खुडत म्हणाल्या, "उभ्या माणसाला नाही म्हणणं सोपं असतं. तू बसून घे. बसलेल्या माणसाचं काहीतरी करावंच लागतं."

हुमकलाने दोन्ही सल्ले मानले आणि तिथेच चुकली. रोजिना नोकरीच्या मुलाखतीला जो काळा कोट घालायची तो तिने चढवला. कोट सुनेच्या मापाचा होता; बटणं लागली, पण श्वास घ्यायचा तर हळू घ्यावा लागे. शेजारी खड्गबहादुर, अंगाला मसाल्याचा वास आणि चेहऱ्यावर आपण एका अडाणी बाईला मदत करतो आहोत हा भाव.

स्टेशनसमोरच्या बँकेत मिझुनो नावाची मुलगी होती. केस घट्ट बांधलेले, आवाज मऊ. तिने "गार्ती-सान" अशी हाक मारली आणि दोघंही उठली. इथून जे सुरू झालं ते संपेना. मुलगी हुमकलाला नाव विचारी, खड्गबहादुर सांगे. पत्ता विचारी, खड्गबहादुर सांगे. वय विचारलं, तेही त्यानेच सांगितलं आणि चुकीचं सांगितलं, वरच्या बाजूला. हुमकलाने तिथेच दुरुस्ती केली, पण कोटामुळे आवाज बारीक निघाला.

मग मिझुनोने विचारलं की खातं कशासाठी हवं आहे. खड्गबहादुर छाती फुगवून म्हणाला, "धंद्यासाठी."

मुलीने दातांच्या फटीतून हवा आत ओढली. इथे राहणाऱ्याला तो आवाज ओळखीचा असतो. डॉक्टर तो काढतात, घरमालक काढतात, शाळेचे मास्तर काढतात. "वैयक्तिक खातं धंद्यासाठी म्हणजे, ते जरा..." असं म्हणून ती थांबली.

या देशात 'नाही' हा शब्द कुणी वापरत नाही. तो म्हाताऱ्यांच्या कवळीसारखा घरी पाण्यात भिजत ठेवलेला असतो. वाक्य अर्ध्यावर सोडतात आणि समोरच्याने उठून जायचं असतं. हुमकलाला हे पक्कं ठाऊक होतं. पण तिने त्या दिवशी ठरवलं की ज्याने वाक्य सुरू केलं त्याने ते संपवावं. ती बसून राहिली. मिझुनो हसली, हुमकला हसली नाही. मागच्या माणसांनी पाय बदलले. खड्गबहादुर कुजबुजला, "बुढी, ती नाही म्हणाली." (आमच्यात बायकोला बुढी म्हणतात आणि नवऱ्याला बुढा, वयाचा संबंध नाही.)

"म्हणाली तर ऐकू कसं आलं नाही मला?" हुमकला म्हणाली. "तोंड उघडून म्हणू दे."

मिझुनोला तोंड उघडायची वेळ आली नाही, कारण तिला त्याहून सोपी वाट सापडली. खातेदाराच्या स्वतःच्या नावावरचा फोन नंबर लागतो, तो आहे का? नव्हता. घर, गाडी, गॅस, पाणी, टीव्ही आणि दोन्ही मोबाइल, सगळं खड्गबहादुरच्या नावावर होतं. हुमकलाच्या नावावर फक्त रक्तदाब होता.

बाहेर आल्यावर तिने कोटाची बटणं सोडली, पोटभर श्वास घेतला आणि नवऱ्याला सांगितलं की यापुढे आपल्याबरोबर येऊ नका. खड्गबहादुर दुखावला. मी नसतो तर तू आतसुद्धा गेली नसतीस, म्हणाला. तेही खरंच, हुमकला म्हणाली. तुम्ही भिंतीवर गेला नसतात तर मी बँकेत कशाला गेले असते?

फोनच्या दुकानात ती एकटी गेली, घरच्या कपड्यांत. तिथला पोरगा फार गोड. तिचा मोबाइल नवऱ्याच्या नावावरून तिच्या नावावर करायला त्याची काही हरकत नव्हती. फक्त दरमहा पैसे कापून घ्यायला तिच्या स्वतःच्या नावाचं बँकेतलं खातं हवं होतं. हुमकलाने त्याला समजावलं की बँक फोन मागते. पोराने फार वाईट वाटल्यासारखं तोंड केलं आणि समजावलं की फोन बँक मागतो. तिच्या माहेरी नदीवर एक झुलता पूल होता आणि दोन्ही टोकांना दोन नाकी होती. अलीकडचा म्हणे पलीकडची चिठ्ठी आण, पलीकडचा म्हणे अलीकडची आण. गावकऱ्यांनी शेवटी खालून नदीच ओलांडायला सुरुवात केली. पण इथे नदी कुठे होती?

"...ते जरा..." पोरगा म्हणाला.

हुमकलाने खुर्ची पुढे ओढली आणि बसली.

आता इथे बरणीचा विषय काढावा लागेल. ओकाबे-सानला द्यायची म्हणून तिने उन्हात मुरवलेल्या मुळ्याच्या लोणच्याची बरणी पिशवीत घेतली होती. मोहरी फेसून घातलेलं, दोन आठवडे उन्हात तापलेलं आमचं लोणचं जिवंत असतं. ते श्वास घेतं, आणि झाकण घट्ट असलं की रागावतं. म्हणून हुमकलाने झाकण थोडं सैल केलं. मुद्दाम केलं असं लोक म्हणतात. लोकांचं काय, ते काहीही म्हणतात. झाकण सैल केलं नसतं तर बरणी फुटली असती आणि मग त्या स्वच्छ दुकानाची काय दशा झाली असती, याचा विचार कुणीतरी करायलाच हवा होता. तो तिने केला.

आधी शेजारच्या खुर्चीवरची बाई उठली. मग लहान मूल घेतलेलं जोडपं फोन न घेताच गेलं. मग आतून साहेब आला, छताकडे बघून गटार कुठे तुंबलं का ते विचारून गेला. पोरगा मात्र शहाणा. त्याने पिशवीकडे बघितलं, बाईकडे बघितलं, आणि मग नियमांचं जाडजूड बाड काढून अशा काही कळकळीने चाळायला घेतलं, की जणू परीक्षा उद्यावर आहे. सापडलं. दर महिन्याला घरी चिठ्ठी येईल, ती कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन पैसे भरले की झालं, खातं नको. हे आधीच का नाही सांगितलं, असं हुमकलाने विचारलं नाही. माणूस जिंकला की त्याने प्रश्न विचारू नयेत. तिने बरणी तिथेच त्याला बक्षीस दिली. त्याने ती दोन्ही हातांनी, मान वळवून, घेतली.

राहिला शिक्का. इथे सही कुणाला नको असते, नावाचा गोल शिक्का लागतो. घरात एक होता, आडनावाचा, आणि तो अर्थातच खड्गबहादुरच्या खिशात. त्याने मोठ्या मनाने पुढे केला. आडनाव एकच आहे, वेगळा खर्च कशाला? टीकारामनेही मान डोलावली. हुमकलाने तो शिक्का हातात घेऊन बघितला आणि परत दिला. ज्या शिक्क्याने माझं खातं उघडतं त्याच शिक्क्याने तुम्हालाही ते उघडता येणार असेल, तर मग मी त्या दिवशी कोटात श्वास कोंडून कशासाठी बसले होते?

ती देवळामागच्या म्हाताऱ्या शिक्के कोरणाऱ्याकडे गेली. त्याने विचारलं, आडनाव कोणत्या अक्षरांत कोरू? ती म्हणाली, आडनाव नको. त्या आडनावाने हाक मारली की दोन माणसं उठतात. माझं नाव कोर. आणि तिने कागद मागून घेतला. हुमकलाचं शिक्षण म्हणजे गावात कंदिलाच्या उजेडात भरलेले प्रौढांचे वर्ग, तेही भातकापणी आली आणि बुडाले. पण तेवढ्यात चार अक्षरं तिने कमावली होती, आणि ती कुणाच्या बापाची नव्हती. तिने सावकाश, जीभ दातांत धरून लिहिलं: हुमकला. वरून रेघ ओढली, ओळंब्याने बघावी तशी सरळ. म्हातारा कागदाकडे बघतच राहिला. असलं देखणं काम बऱ्याच दिवसांत आलं नाही, म्हणाला, आणि कागद आदराने फडताळात ठेवला. आदराच्या भरात तो कागद कुठली बाजू वर धरून ठेवला, इकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

शिक्का मिळाला तो यादी बंद व्हायच्या दिवशीच, दुपारी. बँक तीनला दार लावते. हुमकला थेट देवळामागून बँकेत गेली. मिझुनोने हाक मारली, "गार्ती-सान," आणि या वेळी एकच माणूस उठला.

फोन नंबर दिला. रहिवासाचं कार्ड दिलं. पत्ता जपानी अक्षरांत आपल्या हाताने लिहायचा होता. रोजिनाने तो तिच्याकडून आठवडाभर गिरवून घेतला होता. हुमकलाला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण अंगणात रांगोळी काढताना कोण वाचतं? तिने एकेक अक्षर काढलं. हे घर, हे शेत, हा छत्री घेतलेला माणूस. मिझुनोने शाईची लाल डबी उघडून पुढे ठेवली आणि म्हणाली, आता इथे.

काही सवयी डोक्यात नसतात, हातात असतात. आमच्याकडे जमिनीचा कागद असो की लग्नाचा, सही येणारासुद्धा दोन्ही अंगठे उठवतो. अंगठ्याशिवाय कागद म्हणजे मिठाशिवाय डाळ. उघडी डबी दिसली आणि हुमकलाचे हात आपोआप पुढे गेले. उजवा अंगठा, डावा अंगठा, नखापासून नखापर्यंत गोल फिरवून, एकही रेघ न फिसकटता. इतके सुंदर अंगठे तालुक्याच्या कचेरीतही कुणाचे उमटले नसतील. तिने समाधानाने वर बघितलं.

मिझुनोचा चेहरा कागदापेक्षा पांढरा झाला होता. "गार्ती-सान," ती हळूच म्हणाली, "आमच्याकडे अंगठे फक्त पोलीस..." आणि थांबली. या वेळी मात्र हुमकलाने वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्याची वाट बघितली नाही.

रांगेतल्या सगळ्यांनी बघितलं. एका बाईने पर्स काखेत ओढून घेतली. हुमकलाला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. पण धरणीवर गुळगुळीत फरशी होती, आणि घड्याळात तीनला फार थोडा वेळ होता. तिने लाल अंगठे वर करून, म्हणजे शाई कुठे लागू नये म्हणून, ताठ मानेने नवीन कागद मागितला. पुन्हा घर काढलं, पुन्हा शेत काढलं, पुन्हा छत्रीवाला माणूस काढला. पहिल्यापेक्षा चांगला आला.

मग मिझुनोने कागदावर बघून पुन्हा तोच प्रश्न विचारला. मागच्या वेळी 'धंदा' सांगितलं होतं, तर आता खातं नेमकं कशासाठी?

हुमकलाने काय सांगायचं ते रोजिनाने पढवून ठेवलं होतं. पण लाल अंगठे वर करून उभ्या असलेल्या बाईला पढवलेलं आठवत नाही. ती म्हणाली, "नवऱ्याचा फोटो उतरवायला."

मिझुनोची लेखणी थांबली. मग हुमकलाने सगळं सांगितलं. तिचं जपानी भाजीबाजारातलं, त्याला बँकेचे कपडे नव्हते. पण भिंत, मुळा, पांढरी टोपी, वसंतापर्यंत, एवढं पोचलं. मिझुनो ऐकत होती. ऐकता ऐकता तिने ओठ घट्ट मिटले, मग खाली बघितलं, मग तिचे खांदे हलले.

"ते मुळा उलटा धरलेले?" तिने विचारलं. "माझी आजी दर रविवारी त्यांच्यापुढे उभी राहते. म्हणते, या गृहस्थाने मुळा आयुष्यात उपटलेला नाही. तरीच मागच्या वेळी मला त्यांना कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं." आणि तिने फोटोचा विषय काढला नाही, धंद्याचा काढला नाही, कागदावर 'घरखर्च' या शब्दापुढे स्वतःच्या हाताने खूण करून टाकली. वाक्य न सोडता. पूर्ण.

आता फक्त शिक्का. मिझुनोने समजावलं की शिक्क्याच्या दांड्यावर एक खाच असते, ती वर ठेवायची, म्हणजे नाव सरळ येतं. हुमकलाने खाच वर ठेवली, श्वास रोखला आणि सगळं वजन टाकून दाबला. उचलला.

नाव शीर्षासन करत होतं. आमची अक्षरं वरच्या रेघेला, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी लोंबतात. म्हाताऱ्याला ती रेघ म्हणजे जमीन वाटली होती, आणि त्याने सगळी अक्षरं त्या जमिनीवर उभी केली होती, पाय वर. कोरलं होतं मात्र असं, की एकेक वळण तिच्या हाताचं.

मिझुनोने कागद फिरवला. दुसरी कारकून आली, तिनेही फिरवला. मग आतून साहेब आले, त्यांनी कागद जागेवर ठेवला आणि स्वतःच त्याच्याभोवती फिरले. तिघांनी ठरवलं की फार सुंदर आहे, पण सरळ आहे का? सरळ नसेल तर नवा कागद देतो. घड्याळाचा मोठा काटा बाराकडे सरकत होता. बाहेरचा माणूस दार लावायला दांडा घेऊन उभा होता. नवा कागद म्हणजे पुन्हा घर, शेत, छत्री. म्हणजे वसंतापर्यंत खड्गबहादुर.

हुमकलाने आपल्या नावाकडे बघितलं. पाय वर, डोकं खाली, पण उकार, काना, रेघ, सगळे अवयव जागच्या जागी.

"दरवेळी असाच उमटेल," ती म्हणाली. "तुम्हाला जुळवायचाच आहे ना? मग जुळवा."

साहेबांनी दातांतून हवा आत ओढली. हुमकलाने हात पुढे करून खुर्ची जवळ ओढली, बसण्यासाठी. हवा बाहेर आली. साहेब म्हणाले, चालेल.

दुकानात ती पोचली तेव्हा साकुमा-सान यादीवर शेवटचा हात फिरवत होते. तिने बँकेचं नवं कोरं पुस्तक समोर ठेवलं. त्यांनी दोन्ही हातांनी उचललं, नाव वाचलं, आणि शिडी आणायला गेले. तेवढ्यात खड्गबहादुर आला. रोजिनाने कळवलं असणार. दुपारची गिऱ्हाइकं टाकून, पिठाच्या हातांनी आला होता. गेल्या महिन्यात रेस्टॉरंटमध्ये लोक त्याला मुळा-सान म्हणू लागले होते, रस्त्यात म्हाताऱ्या वाकून नमस्कार करत, आणि तो उलट वाकायलाही शिकला होता. भिंतीवरून फोटो उतरताना त्याने टोपी काढून हातात घेतली.

हुमकलाने ओकाबे-सानना सांगून शेतातून मुळा आणवला, मातीसकट. पाल्याच्या मुळाशी धरला, शेपूट खाली, जसा मुळा जन्माला येतो तसा. साकुमा-सान हसा म्हणाले. तिने हसू आणलं नाही, पण या वेळी कॅमेऱ्याने ओळखलं. फोटोत अंगठा लालभडक आला. पुसून पुन्हा काढू का, तर ती म्हणाली, राहू दे. मग दुकानाच्या कागदावर शिक्का मारायचा होता. तिने खाच वर धरून मारला. नाव पुन्हा शीर्षासनात.

खड्गबहादुर काखेत स्वतःचा फोटो धरून हे सगळं बघत होता. शिक्का बघून त्याला जरा उभारी आली. "बुढी, उलटा आला की," तो म्हणाला. मग काखेतल्या फोटोकडे वाकून बघत, आवाज खाली आणून, "मी तरी काय वेगळं केलं? मुळा नीट धरला असता तर तू एवढी चिडलीच नसतीस."

हुमकलाने शिक्का पुसला, पदराच्या गाठीत बांधला आणि ओकाबे-सान, साकुमा-सान आणि कोबी घ्यायला आलेल्या तीन म्हाताऱ्यांच्या समोर त्याला सांगितलं, "ऐका, बुढा. शिक्का उलटा उमटला तरी नाव माझंच राहिलं. तुम्ही मुळा सुलटा धरला असतात, तरी तो तुमचा झाला नसता."